कोटांचं कपाट

"अजून जरा मोठा आ करा, पास्टर," ती बाई म्हणाली, आणि एलिस गॅलब्रेथनं निमूटपणे आ केला. गालात लाळ ओढणारी नळी अडकवलेली, छातीवर लहान पोराला बांधावं तसं कागदी लाळेरं. उभा जन्म बोलण्यात घालवलेला माणूस, पण दातांच्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीत तो आणि मुका सारखेच. दात साफ करणाऱ्या या बायकांची एक खोडच असते, समोरच्याच्या तोंडात हत्यारं घातली की मगच त्यांना गप्पा सुचतात. नेहमीची पोरगी बाळंतपणाच्या रजेवर होती. ही नवी, चाळिशी उलटलेली, तोंडावर निळा मास्क. नाताळची खरेदी झाली का, तुमच्या टेकडीवरचं बर्फ हटवलं का महापालिकेनं, या रविवारी चर्चमध्ये तुम्हीच वाचणार ना. तो घशातल्या घशात हं हं करत होता. "मी पण येणार आहे," ती म्हणाली, "पोरांना घेऊन. त्यांना दाखवायचंय. तुम्ही काही मला ओळखलं नसणार. मी डीना, डीना पोलॉक. तुमच्या पुस्तकात ती कपाटातली मुलगी आहे ना, ती मीच." त्याचे डोळे मोठे झाले असावेत, कारण ती मास्कआडून हसली. त्यानं हात वर केला, तर तिनं तो हळूच खाली दाबला. "हलू नका हं. हिरडीला लागेल."

कपाटातली मुलगी. पिट्सबर्गमध्ये, आणि पिट्सबर्गबाहेरही, एलिस गॅलब्रेथ या नावापुढे लोकांना जे एक काही आठवतं ते हेच. त्यानं बायबलातल्या योनाच्या पुस्तकावर जाडजूड भाष्य लिहिलं होतं, ते त्याच्या बायकोनंसुद्धा पुरतं वाचलं नव्हतं. प्रार्थनेवर लिहिलं, मरणाच्या भीतीवर लिहिलं. ती पुस्तकं छापली गेली आणि मुकाट्यानं विसरलीही गेली. मग आलं 'पायरीवरची मुलं', आणि त्यातला 'कोटांचं कपाट' हा चार पानी मजकूर. तो दर नाताळात कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये वाचला जातो, भेटकार्डांवर छापला जातो, आणि काही उत्साही बायकांनी तर म्हणे घरातलं एखादं कपाट रिकामं करून त्यात प्रार्थनेसाठी उशी टाकली आहे. लोक त्याला रस्त्यात थांबवून सांगायचे, आम्हीही आमचं कपाट शोधलं, पास्टर. आणि तो खाली बघून हसायचा. नम्रपणे हसणं ही त्याला साधलेली गोष्ट होती.

मूळ प्रसंग अगदी साधा. मोठ्यांच्या उपदेशाआधी मुलांचा उपदेश असतो, तेव्हा पाळक वेदीपुढच्या पायरीवर बसतो, लहान पोरं भोवती गोळा होतात, आणि तो काहीतरी प्रश्न टाकतो. पोरं घरातलं काहीबाही बोलून जातात आणि मंडळी बाकांवर खुदुखुदू हसते. सगळ्या आराधनेत लोकांना खरं आवडतं ते एवढंच, ही गोष्ट एलिसला पाळक झाल्यावर लवकरच कळली होती, आणि थोडी झोंबलीही होती. नाताळाआधीच्या चार रविवारांना एकेक मेणबत्ती लावतात, त्यातला दुसरा रविवार शांतीचा. मेणबत्ती नुकती लावलेली. त्यानं विचारलं, शांती म्हणजे काय, कोण सांगेल? एका पोरानं सांगितलं, शाळेला सुट्टी. दुसरं म्हणालं, आजोबा झोपले की. मग ही सहा वर्षांची, पांढऱ्या मोज्यांतली, हात वर करून, शाळेत सांगतात तशी उभी राहून बोलली: "शांती आमच्या कोटांच्या कपाटात असते. मम्मी आणि मी आत बसतो आणि खारी बिस्किटं खातो. पण बिस्किट चावायचं नाही, चोखायचं. चावलं तर आवाज होतो." सगळं चर्च हसलं. काय हसलं होतं ते चर्च. आणि हशा ओसरायच्या आत, नेमक्या क्षणी, त्यानं म्हटलं, "माझ्या उपदेशातही लोक अशीच बिस्किटं चोखत असतात." दुसरा हशा पहिल्याहून मोठा.

"बाबांनी त्याच दुपारी दार काढलं कपाटाचं," डीना म्हणाली. ती त्याच्या खालच्या दातांवर होती, बारीक खर्र खर्र करत. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. कुणी आपलं जुनं घर कुठल्या गल्लीत होतं ते सांगावं, तशी ती सांगत होती. "बिजागऱ्यांसकट. त्यांना कुठं माहीत होतं तोवर आम्ही कुठं जातो ते. ते घरी आले की आम्ही गुल. त्यांना वाटायचं शेजारी जातो. मग चर्चमधून घरी आलो, त्यांनी कोटसुद्धा उतरवला नाही, हत्यारांची पेटी आणली. काम मात्र नीटनेटकं करायचे हं. भोकंबिकं बुजवून वर रंग लावला." तिनं नळी दुसऱ्या गालात सरकवली. "घाबरू नका. मी काही तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्हाला कुठं माहीत होतं? तुम्ही तर किती छान लिहिलंत. शाळेत सगळ्यांना सांगायचे मी, पुस्तकातली ती मीच म्हणून. चूळ भरा आता."

त्यानं चूळ भरली. गुलाबी पाणी खळखळत गेलं. आता तोंड मोकळं होतं आणि बोलता येत होतं. त्यानं विचारलं, "मग कुठं जायचात तुम्ही? त्यानंतर?" ती हातमोजे काढत होती. "कुठं जाणार? कुठंच नाही," ती म्हणाली. "फ्लोराइड पुदिन्याचं लावू की साधं?"

बाहेर थंडी अशी होती की श्वास नाकातच गोठावा. रस्त्याच्या कडेला कुणीतरी फावड्यानं बर्फ उकरून गाडीपुरती जागा केली होती आणि दुसऱ्यानं ती बळकावू नये म्हणून स्वयंपाकघरातली खुर्ची तिथं ठेवून दिली होती. एलिस बसस्टॉपवर उभा राहिला, जिभेनं गुळगुळीत झालेले दात चाचपत, आणि त्या खुर्चीकडे बघत राहिला. तुम्हाला कुठं माहीत होतं. किती सोपं करून दिलं होतं पोरीनं. नुसतं उचलायचं आणि खिशात टाकायचं. पण त्या रविवारी पायरीवर बसून त्यानं वर पाहिलं होतं, हशा बरोबर बसला की नाही हे पाहायची त्याला सवय होती, नट बघतो तशी. आणि मागे दाराशी डीनाचा बाप, हर्ब पोलॉक उभा होता, अर्पणाचं ताट दोन्ही हातांत धरून. चर्चमध्ये लोकांना जागेवर नेऊन बसवणारा, बॉयलर बिघडला की सदरा काढून आत शिरणारा, छतसमितीचा अध्यक्ष, सगळ्यांचा लाडका हर्ब. तोही हसत होता. पण त्याचं हसणं बाकीच्यांच्या थोडं आधी थांबलं आणि त्यानं तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. एलिसची नजर त्याच्या नजरेमागून गेली. तिसऱ्या बाकावर त्याची बायको, व्हर्ना पोलॉक, मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत बसली होती. अख्ख्या चर्चमध्ये न हसणारी ती एकटी. एवढं त्यानं पाहिलं. पाहिलं आणि त्याच क्षणी जिभेवर बिस्किटांची ती कोटी आली, आणि ती इतकी चांगली होती की सोडवेना. बस आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण मनात वाक्यं जुळवतो आहोत. 'परवा मी दातांच्या दवाखान्यात आ वासून बसलो होतो, आणि एका बाईनं माझ्या पुस्तकातलं दार काढून माझ्या हातात दिलं.' सुरुवात म्हणून फक्कड होती. त्याला स्वतःची शिसारी आली, आणि तरीही 'परवा'च्या जागी 'गेल्या आठवड्यात' बरं दिसेल का, असा विचार येऊन गेलाच.

घरी त्याची बायको नॅन कुकी भाजत होती. रविवारी त्याच्या वाचनानंतरच्या समारंभासाठी चर्चच्या तळघरात लांबच लांब टेबल मांडणार होते. ज्या बाईच्या कुकी त्यावर आधी संपतील तिचा मान मोठा. बायकांमध्ये त्यावरून गेली कित्येक वर्षं गोड बोलून युद्ध चाललं होतं. "तोंड का असं झालंय?" ती म्हणाली. "सगळे दात उपटले की काय त्यांनी?" त्यानं कोट न काढताच सांगितलं. पोलॉकची डीना, कपाट, दार. नॅननं भट्टीतला ट्रे बाहेर काढला, दुसरा आत सारला. मग म्हणाली, "अरे देवा. ती एवढीशी पोर." मग थोड्या वेळानं, "तू आता मनाला लावून घेत बसू नकोस, एलिस. हर्ब तसा माणूस होता हे बायका बोलायच्या तेव्हाही."

"बोलायच्या? मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. तू लिहीत होतास," नॅन म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून नव्हे. तिचं लक्ष कुकींच्या कडा करपल्या का याच्याकडे होतं.

लिहीत होतास. हो, लिहीतच होता. त्या रविवारी चर्चमधून आला तो तडक खोलीत शिरला आणि जेवायला चार हाका माराव्या लागल्या. असं लिहिणं फार थोड्या वेळा वाट्याला येतं. हात मनाच्या पुढे पळत होता. कोटांचा वास, ओला लोकरीचा, नॅप्थलीनचा; फटीतून येणारी उजेडाची पट्टी; सणाच्या धामधुमीतून पळून आलेली एक आई आणि तिची लेक, मांडीवर बिस्किटांचा पुडा, एकमेकींना खुदकन हसू येऊ नये म्हणून तोंडं दाबून बसलेल्या. बाहेर पाहुणे, भांडी, फोन. आत देव. वाचताना त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मंगळवारी व्हर्ना पोलॉक त्याच्या ऑफिसात आली. तो कागद टेबलावरच होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली, कोट न काढता, एक हात दुसऱ्या हातानं झाकून. खोलीत उकडत होतं, हर्बनंच बॉयलर दुरुस्त केलेला. ती म्हणाली, "पास्टर, रविवारी डीना जे बोलली," आणि थांबली. दोन बोटं बाहीच्या काठाशी चाळवली. ती बाही वर करणार होती. हे त्याला तेव्हा कळलं होतं. आज, आठवण काढताना, शहाणपण आल्यावर कळलंय अशातला भाग नाही. तेव्हाच कळलं होतं. कळलं म्हणजे मग हर्बशी बोलावं लागणार, चर्चच्या वडीलमंडळासमोर जावं लागणार, अर्धं चर्च त्याच्या बाजूनं, अर्धं हिच्या. आणि कळलं म्हणजे टेबलावरची चार पानं खोटी होणार. दोन्हीपैकी कशाची भीती जास्त होती ते त्यानं आजवर स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं, आणि उत्तर बघून तो भट्टीजवळच्या स्टुलावर खाली बसला. त्या मंगळवारी तो बोलत सुटला होता. अहो, लाजताय काय त्यात, सगळ्यांना किती आवडलं, अशी आई सगळ्यांना मिळो, मी तर त्यावर लिहूनही टाकलंय, तुमची हरकत नसेल तर छापू म्हणतो. कॉफी ओतून दिली. बोलता बोलता कपात साखर घातली, ती घेते की नाही ते न विचारता. तिची बोटं बाहीवरून निघाली. "तुम्हाला बरं वाटत असेल तर छापा," ती म्हणाली. तिनं कॉफी पूर्ण संपवली, कप बशीत पालथा घातला आणि गेली.

दवाखान्यानंतरच्या त्या आठवड्यात त्याला झोप आली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. म्हाताऱ्या माणसाला झोप येते, आणि तीच त्याला बेशरमपणाची वाटली. दिवसा मात्र तो घरभर फिरत राहिला. त्यानं ठरवलं, रविवारी वाचायचं नाही. पुलपिटवर, उपदेशाच्या त्या चौथऱ्यावर, उभं राहायचं आणि सांगून टाकायचं, हे असं नव्हतं, असं होतं. मला दिसलं होतं आणि मी तोंड फिरवलं. लोकांना धक्का बसेल. बसू दे. मग तो मनात ते भाषण म्हणून बघू लागला, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्याला दिसलं की हे भाषण चांगलं होतंय. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली न्यायचा. मागच्या बाकावर कुणीतरी रुमाल काढलेलाही त्याला दिसला. आयुष्यभराच्या सगळ्या उपदेशांत हा उजवा ठरला असता. एलिस जिन्यातच थांबला, कठड्याला धरून. हे आपल्याच्यानं सुटणार नाही, त्याला वाटलं. आपण पापसुद्धा वाचून दाखवण्याजोगं करतो. आणि ज्या बाईनं आजवर कधी काही मागितलं नाही, तिला विचारायचंही आपल्याला सुचलं नाही. शनिवारी दुपारी तो नॅनला न सांगता बाहेर पडला.

व्हर्ना आता नदीपलीकडे वृद्धांच्या इमारतीत राहत होती, लिफ्टजवळच्या खोलीत. दार तिनंच उघडलं. वाळून एवढीशी झालेली, पण केस नीट विंचरलेले, अंगात निळा स्वेटर. "डीनानं सांगितलं तुम्ही भेटलात म्हणून," ती म्हणाली. "बोलायची काही गरज होती का तिला? तोंडात नळ्या घालून माणसाला असलं सांगतात का कुणी? बसा." त्याला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. त्याचं पुस्तक उशाजवळच्या टेबलावर होतं. पुठ्ठ्याच्या कडा मऊ पडलेल्या. त्यानं तिकडे पाहिलेलं तिनं पाहिलं. "झोपताना वाचते मी," ती म्हणाली. "नेहमी नाही. पण वाचते. त्यात बाहेर कुणीच नाही ना. पाहुणे आहेत, भांडी आहेत, पण तसं कुणी नाही. आत आम्ही दोघी, आणि हसतोय. आम्ही कधी हसलो नव्हतो हो. पण मला वाटतं, चला, निदान एका माणसाला तरी ते असं दिसलं. एका चांगल्या माणसाला."

"उद्या मी ते वाचणार नाही, व्हर्ना," तो म्हणाला. "उद्या मी लोकांना खरं काय ते सांगणार आहे."

"काय खरं?"

"माझी चूक. माझ्यामुळे दार गेलं, ते."

"तुमची चूक सांगायला परत माझंच घर लागणार ना," ती म्हणाली.

एलिसची मान खाली गेली. बाहेर लिफ्ट थांबली, कुणीतरी कुणाला तरी मोठ्यानं हवामान सांगत गेलं. तो म्हणाला, नाही सांगत. ती म्हणाली, बरं. तेवढ्यावर उठता आलं असतं. क्षमा मागून, हात हातात घेऊन, छोटीशी प्रार्थना करून. पाळक असण्याची ही एक सोय आहे, कुठूनही प्रार्थना करून उठता येतं. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण व्हर्ना स्वेटरचं बटण चाळवत म्हणाली, "एक विचारू, पास्टर? फार दिवस मनात आहे. मी त्या मंगळवारी तुमच्याकडे आले होते. आठवतं?"

"आठवतं."

"मी कशाला आले होते ते तुम्हाला कळलं होतं का?"

एवढंच विचारलं तिनं, कुणी औषध घेतलं का विचारावं तसं. आणि उत्तर तर तयार होतं. डीनानं ते हातात ठेवलं होतं, नॅननं ठेवलं होतं, अख्ख्या पुस्तकानं ठेवलं होतं. नाही कळलं, व्हर्ना, मी मूर्ख होतो, तरुण होतो. ते ऐकायची तिची तयारीही होती. तिच्या चेहऱ्यावर त्याला तसं दिसत होतं. तो चांगला माणूस म्हणून तिच्या उशाशी राहिला असता. एलिस गॅलब्रेथ आपल्या बुटांकडे बघत राहिला. वितळलेल्या बर्फाचं पाणी तिच्या सतरंजीवर उतरलं होतं.

"हो," तो म्हणाला. "कळलं होतं."

पुढं काही जोडायचं नाही म्हणून त्यानं दात दातांवर घट्ट दाबून धरले. व्हर्नाच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला त्याच्याकडे नाव नव्हतं. आधी वाटलं सुटका, मग वाटलं नव्हे.

"म्हणजे मी बोलले होते तर," ती हळू म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटत आलं, मलाच सांगता आलं नाही. मी नुसती कॉफी पिऊन आले. मी नीट बोलले असते तर पास्टरांनी काहीतरी केलं असतं. डीनाला सुद्धा मी हेच सांगत आले, चूक माझी." तिनं हात वर करून त्याला थांबवलं, तो काही बोलणार नव्हता, तरी. "डीनाला हे सांगू नका. तिला तुम्ही आवडता. तिच्याजवळ तेव्हाचं चांगलं असं तेवढंच आहे."

"बरं."

"आणि उद्या वाचा तुम्ही, नेहमीसारखं. पोरं येणार आहेत तिची."

"तुम्ही?"

"मी नाही येणार," व्हर्ना म्हणाली. तिनं उशाजवळचं पुस्तक उचललं, आणि न उघडता, खालच्या खणात, टॉवेलांखाली ठेवलं.

रविवारी चर्च भरलं होतं. शांतीची मेणबत्ती लावली गेली, कुणीतरी त्याच्याबद्दल फार चांगलं बोललं, आणि एलिस पुलपिटवर चढला. डीना तिसऱ्या बाकावर होती, दोन्ही बाजूंना एकेक पोर. मास्कशिवाय तिचा चेहरा आईसारखा होता. तिनं पोरांना कोपरानं ढोसलं आणि त्याच्याकडे बघून मान हलवली, वाचा, वाचा अशी. त्यानं वाचायला सुरुवात केली. कोटांचा वास, फटीतला उजेड. आवाज नेहमीसारखाच लागला, याचं त्याला नवल वाटलं. बिस्किट चावायचं नाही, चोखायचं, इथं आला, आणि हशा नेहमीच्याच ठिकाणी आला, मोठा, उबदार. पोरं हसली, त्यांच्यामध्ये डीनाही हसली. त्यानं हशा संपेपर्यंत वाट पाहिली आणि पुढचं वाक्य वाचलं.